रिकामी गाडी

खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर एके दिवशी लोखंडी खांब दिसायला लागले. २०१२ संपत आलं असावं. मी दहावीत होतो. संकष्टीला आम्ही बाबांच्या बाईकवरून बल्लाळेश्वराला जायचो. बाबा पुढे, मी मागे, मध्ये नारळाची पिशवी. दर महिन्याला तोच रस्ता, त्यामुळे त्या खांबांची वाढ आम्हाला हप्त्याहप्त्याने बघायला मिळाली. एका संकष्टीला नुसते खांब. पुढच्या संकष्टीला त्यांच्यावर वाकडे तुकडे चढवलेले. त्याच्या पुढच्या वेळी हवेत एक मोठा वेढा उभा, आणि त्याच्या शेजारी क्रेन.

"पाळणा बांधतायत," बाबा म्हणाले.

बाबांसाठी जत्रेतलं वर जाऊन खाली येणारं सगळं पाळणाच. मी त्यांना सांगितलं की हा पाळणा नाही, रोलर कोस्टर आहे. स्टीलचा. मला हे सगळं माहीत होतं, कारण आमच्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर मी सातवीपासून 'रोलरकोस्टर टायकून' खेळत होतो. ख्रिस सॉयर नावाच्या एका माणसाने तो गेम जवळजवळ सगळा असेम्ब्लीमध्ये लिहिला होता. असेम्ब्ली म्हणजे प्रोसेसरशी त्याच्याच भाषेत, एकेक सूचना देत बोलणं. हे मला पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं आणि मी त्या माणसाला मनातल्या मनात साष्टांग घातला. सातवीत मात्र एवढंच कळत होतं की उतार जास्त दिला की लोक ओरडतात, वळण फार आवळलं की लोकांना मळमळतं, आणि स्टेशनचे ब्रेक नादुरुस्त झाले की मागून येणारी गाडी पुढच्या गाडीवर आदळते. मग स्फोट, मग पार्कची बदनामी. असं झालं की मी सेव्ह केलेला जुना गेम परत उघडायचो.

बाबांनी एकदा बाईक कडेला लावली. ते एका कारखान्यात फिटर होते आणि क्रेन चालू असेल तर त्यांना पुढे जाववत नसे. देवळात उशीर झाला तरी चालेल, पण लोड जागेवर बसलेला बघायचाच. ट्रॅकचा एक तुकडा वर चालला होता. दोरखंड धरलेली दोन माणसं खालून त्याला फिरू देत नव्हती. वर खांबाच्या टोकाशी पट्ट्यांनी बांधलेला एक माणूस वाट बघत होता. तुकडा हळूहळू आला, थांबला, जरासा सरकला. वरच्या माणसाने भोकात सळई घालून भोकाला भोक जुळवलं.

"आता बोल्ट," बाबा म्हणाले. "आधी सगळे हाताने. मग एक इकडचा, एक समोरचा, असे आवळायचे. एका बाजूने आवळत गेलं तर जोड तिरका बसतो. आणि शेवटी रंगाची रेघ."

"कसली रेघ?"

"नटवरून बोल्टवर आणि खालच्या लोखंडावर, एकच सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. रोज पाना लावून तपासायची गरज नाही. नुसतं बघत चालत जायचं."

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो. माझं लक्ष त्या वेढ्याकडे होतं.

त्या वेढ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. लांबून तो गोल वाटतो, पण गोल नसतो, अंड्यासारखा असतो. वर आवळलेला, खाली सैल. अकरावीत उभ्या वर्तुळाचं गणित असतं ना, ज्यात दोरीला बांधलेला दगड फिरतो? त्यातून निघतं की पूर्ण गोल वेढा जेमतेम पार करायचा तरी तळाशी शरीरावर वजनाच्या सहापट भार येतो. १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला असा खराखुरा गोल वेढा बांधला होता, फ्लिप फ्लॅप नावाचा. लोकांच्या माना आखडायच्या. मग कित्येक दशकं वेढ्यांचा नाद जवळपास सुटलाच. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात 'रिव्होल्यूशन' आली तेव्हा वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने वेढ्याला क्लोथॉइडचा आकार दिला. क्लोथॉइड म्हणजे असा वक्र, ज्यात तुम्ही पुढे जाल तसं वळण हळूहळू आवळत जातं. यात नवीन काही नव्हतं. रेल्वेवाले आणि रस्तेवाले तोच वक्र आधीपासून वापरत होते. सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना स्टिअरिंग एकदम न फिरवता हळूहळू फिरवता येतं, ते त्याच्यामुळे. श्टेंगेलने तो रस्ता उचलून उभा केला.

पार्क २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं: इमॅजिका. त्याच वर्षी कोस्टरही सुरू झाली. नाव नायट्रो. बांधणारी कंपनी स्वित्झर्लंडची, बोलिजर अँड माबिलार्ड. उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा डोकं खाली. हे आकडे जाहिरातीत होते आणि मला पाठ होते. मी वहीत गणितही करून पाहिलं. १३२ फूट म्हणजे ४० मीटरच्या आसपास. तेवढ्या उंचीवरून घर्षण शून्य धरून घसरलं तर ताशी १०१ किलोमीटर येतात. वरचे चार कुठून आले? उतार जमिनीच्या पातळीखाली जात असेल, किंवा माथा ओलांडताना साखळीने दिलेला थोडा वेग असेल, असं म्हणून मी ते मिटवलं. पण जाहिरात आणि गणित यांच्यात चार किलोमीटरचा फरक सापडल्याचा जो आनंद झाला, तो दहावीच्या निकालानेही झाला नाही.

बारावीनंतर मेकॅनिकल घ्यायचं ठरलेलं होतं. घेतलं कॉम्प्युटर. कारण विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. कॅम्पसला कोण येतं आणि किती देतं हे ज्या घरात कागदावर लिहून पाहिलं जातं, त्या घरात स्वित्झर्लंडच्या कंपनीचं नाव त्या कागदावर येत नाही.

नायट्रोत पहिल्यांदा बसलो ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, मित्रांबरोबर. ही फ्लोअरलेस कोस्टर आहे, म्हणजे डब्याला तळ नाही. आपण बसतो तेव्हा पायाखाली फलाटाची जमीन असते. खांद्यावरून दांडे खाली येतात, पट्टा लागतो, आणि मग ती जमीन सरकून निघून जाते. पाय लोंबकळतात. शेजारचा मित्र तेवढ्यातच "आई गं" म्हणाला, अजून गाडी हललीही नव्हती. चढावर साखळी लागली की टक-टक-टक आवाज येतो. बाकीच्यांना तो आवाज भीतीचा वाटतो. ती खरं तर खिट्टी असते. गाडी मागे घसरू लागली तर दात्यात अडकून तिला धरणारी, जॅकमध्ये असते तशीच. म्हणजे त्या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात धीर देणारा आवाज तोच. मी हे शेजाऱ्याला समजावून सांगत होतो आणि तो मला शिव्या देत होता. मग माथा आला आणि मीही ओरडलो.

बाबा आले नव्हते. आधी तिकीट परवडत नव्हतं, आणि पगाराला मी लागेपर्यंत त्यांना बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

पुण्यात मला नोकरी लागली ती कारखान्यांच्या मशीनना सॉफ्टवेअर देणाऱ्या एका कंपनीत. पॅकिंगच्या लाइन, कन्व्हेअर, खोके बंद करणारी यंत्रं. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. मित्र बँकांची ॲप लिहीत होते आणि माझ्या कोडने खरंखुरं लोखंड हलत होतं. त्या काळात मी रोलर कोस्टर कशी चालते हे पुन्हा वाचून काढलं, या वेळी सॉफ्टवेअरच्या बाजूने. ते इतकं सोपं आणि इतकं कडक आहे की प्रेमात पडावं. ट्रॅकचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा रिकामा झाल्याचं सेन्सरने सांगितल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही, साखळी तिला चढावर धरून ठेवते. आणि ब्रेक असे बसवतात की वीज गेली, हवा गेली, तर ते लागतात. सुटत नाहीत. सोडायला कष्ट, थांबायला काहीच नाही.

आमच्या बोरघाटात हेच आहे. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरताना गाडी मध्येच, स्टेशन नसलेल्या जागी थांबते, आठवतंय? चढणारे प्रवासी नाहीत, समोरून गाडी नाही, तरी थांबते. पुढे कॅच सायडिंग असतं. रुळांचा सांधा मुळात डोंगरावर चढणाऱ्या आडमार्गाकडे लावलेला असतो. तुमचे ब्रेक चालतात हे थांबून दाखवा, मग मुख्य मार्ग मिळेल. लहानपणी मला वाटायचं ड्रायव्हर चहा पितो.

नायट्रो सुरू झाली त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्सला 'स्मायलर' नावाची कोस्टर सुरू झाली. चौदा वेळा डोकं खाली, जागतिक विक्रम. २ जून २०१५ ला तिथे वारा सुटलेला होता. काही बिघाडानंतर एक जादा गाडी ट्रॅकवर आणली होती, आणि चाचणीसाठी एक गाडी रिकामी सोडली होती. ती रिकामी गाडी पुरेशा वेगाअभावी मध्येच खोलगट जागी अडकली. मागून सोळा माणसांची भरलेली गाडी निघाली. कॉम्प्युटरने तिला चढावरच थांबवलं, कारण पुढचा टप्पा रिकामा नव्हता. कॉम्प्युटर बरोबर होता. पण जादा गाडी आत आल्याचं तिथल्या सगळ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हिशेब केला, सगळ्या गाड्या जागेवर दिसल्या, सिस्टिम उगाच अडवतेय असं त्यांना वाटलं. त्यांनी तिचा नकार बाजूला सारला आणि गाडी सोडली. सोळाही जण जखमी झाले. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या कंपनीतल्या जेवणाच्या टेबलावर दोनतीन जणांना ते रंगवून सांगितलं होतं. "स्क्रीन नाही म्हणतेय आणि हे लोक दाबतायत!" असं काहीतरी. मला आठवतं, कारण पुढच्याच वर्षी मी तेच केलं.

रात्री पावणेबाराला फोन आला. एका कारखान्याचा सुपरवायझर. खोकी बंद करणाऱ्या मशीनसमोरचं लाइट कर्टन सारखं ट्रिप होत होतं. लाइट कर्टन म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला, किरण तुटले की मशीन बंद. त्या शिफ्टमध्ये ते अकरा वेळा बंद पडलं होतं आणि एकदाही कोणाचा हात मध्ये नव्हता. "सर, धूळ आहे नुसती. दोन ट्रक उभे आहेत. सकाळी मेंटेनन्सवाले बघतील, तेवढं काहीतरी करा." मशीन जुनं होतं. सुरक्षेसाठी वेगळा कंट्रोलर नव्हता, सगळं एकाच प्रोग्राममध्ये. मी घरूनच लॉगिन केलं आणि त्या सेन्सरचा सिग्नल फोर्स केला. म्हणजे पडदा काहीही म्हणो, मशीनने समजायचं की मध्ये कोणी नाही. एक क्लिक. सुपरवायझरने "थँक्यू सर, देवासारखे आलात" म्हटलं. मी पाणी पिऊन झोपलो.

सकाळी काढायचं होतं. सकाळी माझी दुसऱ्या क्लाएंटबरोबर मीटिंग होती.

दुपारी तिथल्या एका कंत्राटी मुलाने अडकलेलं खोकं काढायला हात घातला. पडदा आहे, मशीन थांबेल, हे त्याला शिकवलेलं होतं. तो शिकवल्याप्रमाणेच वागला. उजव्या हाताची दोन बोटं.

नंतर कळलं की धूळबीळ काही नव्हती. पडद्याचा एक खांब ज्या ब्रॅकेटवर होता त्याचा नट सैल झाला होता. मशीन हादरलं की खांब किंचित हलायचा, किरण चुकायचे. पडदा अकरा वेळा खरंच सांगत होता. फक्त तो हाताबद्दल सांगत नव्हता, स्वतःबद्दल सांगत होता.

त्या आठवड्यात एक कॉल झाला. आमचे मॅनेजर, त्यांचे मॅनेजर, मी. त्यांच्या बाजूने कोणीतरी रिपोर्ट वाचून दाखवला: ऑपरेटरने मशीन चालू असताना हात घातला, ऑपरेटरची चूक. कोणी काही म्हणालं नाही. लॉगमध्ये माझं नाव, वेळ, सगळं होतं. ते कोणी उघडलं नव्हतं. माझा माइक म्यूटवर होता आणि मी तो म्यूटवरच ठेवला. इतर वेळी आपण माइक चालू करायला विसरतो, त्या दिवशी मी विसरलो नव्हतो.

तीन आठवडे मी हे कोणाला सांगितलं नाही. मग एका रविवारी खोपोलीला गेलो होतो, रात्री जेवण झाल्यावर बाबांना सांगितलं. का ते माहीत नाही. आईने भांडी लावणं थांबवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणजे प्रेस खाली येताना हात बटणावरच असतात, आत नसतात. पण माल जास्त काढायचा असला की एका बटणाला सुतळी बांधायचे. एका हाताने माल सरकवायचा, एकाने बटण."

"मग?"

"मग काय. झालं एकदा. साहेब आले, पंचनामा झाला. हात कोणाचा होता ते लिहिलं. सुतळी कोणी बांधली ते कोणी विचारलं नाही."

"कोणी बांधली होती?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते उठून गॅलरीत गेले. मी अजून परत विचारलेलं नाही.

सोमवारी मी मेल लिहिला. लॉगचा स्क्रीनशॉट जोडला, दोन्ही मॅनेजरना पाठवला. सांगायचं म्हणजे, फार काही घडलं नाही. मला एकदा खोलीत बोलावलं. यापुढे फोर्स करायला दोघांची मंजुरी आणि चार तासांनी आपोआप निघणारी मुदत, असा नियम झाला. तो कोडमध्ये मीच लिहिला. रिपोर्ट बदलल्याचं मला तोंडी सांगितलं, कागद दाखवला नाही. त्या मुलाचा नंबर मिळवला तेव्हा तो बंद होता. कंत्राटदार म्हणाला, गावी गेला. कुठलं गाव ते त्यालाही माहीत नव्हतं. किंवा सांगायचं नव्हतं.

गेल्या श्रावणात बाबांना मी पहिल्यांदा इमॅजिकाला घेऊन गेलो. त्यांना नायट्रोत बसवायचं नव्हतंच, बाहेर पाटीच आहे, बीपी आणि हृदयविकारवाल्यांनी बसू नये. "मी खालून बघतो," ते म्हणाले, आणि पाळणा खालून बघायला त्यांनी मुद्दाम चष्मा नवीन करून घेतला होता. मी रांगेत लागलो. रांग अर्धी सरकली आणि पाऊस आला. राइड थांबली. वीसेक मिनिटं नुसता पाऊस आणि पावसाकडे बघणारे लोक. वरून मला बाबा दिसत होते. रेनकोट घालून ते कुंपणाशी उभे होते, खांबाच्या बुडाशी, आणि ट्रॅककडे न बघता वाकून खाली बघत होते. बोल्ट बघत होते, दुसरं काय.

पाऊस उघडला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. गाडी फलाटावर आली, दांडे खाली गेले, जमीन सरकली, आणि गाडी निघाली. रिकामी. माझ्या पुढचा मुलगा ओरडला, "अरे, रिकामी काय पळवताय? बसवा ना आम्हाला!" रांग हसली. रिकामी गाडी टक-टक करत चढली, माथ्यावरून दिसेनाशी झाली, आणि मग नुसता चाकांचा गडगडाट. ओरडणारं कोणी नसल्यामुळे तो फार स्पष्ट ऐकू येत होता. मी सेकंद मोजत होतो. गाडी आली. कोणालाच आत घेतलं नाही. दांडे पुन्हा खाली गेले.

फोन वाजला. बाबा.

"रिकामीच गेली रे."

"हो. टेस्ट घेतायत."

"परत सोडतायत वाटतं."

"हो, परत."

पुढच्या मुलाने आता शिट्टी मारली. मागून कोणीतरी तिकिटाचे पैसे परत मागत होतं. खाली बाबांनी रेनकोटची टोपी मागे सारून मान वर केली होती.

"सोडू दे," ते म्हणाले, आणि फोन चालूच ठेवला.